टेंभुरदऱ्याच्या शाळेचे पत्रे

१

टेंभुरदरा तांड्याच्या जुन्या शाळेला दारं होती, खिडक्या होत्या, फळा होता, दाराला कुलूपसुद्धा होतं. नव्हतं ते फक्त छप्पर.

शिक्षण विस्तार अधिकारी रत्नपाल खिल्लारे मोटारसायकल स्टँडला लावून तसेच उभे राहिले. आठ दिवसांपूर्वी ते आले होते तेव्हा दोन्ही खोल्यांवर पत्रे होते. आज छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या उघड्या पडल्या होत्या आणि ऑक्टोबरचं ऊन वरून थेट फळ्यावर उतरलं होतं. एका कोपऱ्यात भिंतीचा गिलावा ताजा उडालेला होता.

"आता हेच राहिलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले.

खिल्लाऱ्यांचा जीव आधीच वैतागलेला होता. खिचडीचा तांदूळ, पोलिओचा डोस, मतदार याद्या, ज्या कामाला कुणी वाली नाही ते काम शेवटी त्यांच्याच टेबलावर येऊन पडायचं. त्यात या वर्षी रिकाम्या शाळांचं परिपत्रक निघालं होतं. सडकेला लागून स्लॅबची नवी शाळा झाली, पोरं तिकडे गेली आणि तांड्यातली ही जुनी शाळा ओस पडली. आता रिकाम्या शाळेचं करायचं काय, हे परिपत्रकात लिहिलेलं होतं, आणि असं लिहिलेलं होतं की वाचणाऱ्याने डोकं धरून बसावं. इमारत जिल्हा परिषदेचीच राहील. आधी ती शिक्षणाच्या कामाला द्यावी. तशी मागणी नसेल तर अंगणवाडीला, तीही नसेल तर ग्रामपंचायतीला. खासगी माणसाला मुळीच नाही. आणि अभियंत्याने एकदा का 'धोकादायक' असा शेरा मारला, की पाडून टाकावी आणि माल लिलावात काढावा.

इथे मागणी होती. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा. आईबापांबरोबर लेकरंही जायची आणि उन्हाळ्यात परत येईपर्यंत शाळा त्यांना आणि ती शाळेला विसरलेली असायची. या वर्षी खिल्लाऱ्यांनी खेटे घालून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वरपर्यंत नेला होता. लेकरांनी जुन्या शाळेत राहायचं, मागे राहिलेल्या आज्यांनी स्वयंपाक करायचा, आणि पोरांनी नव्या शाळेत जायचं. फक्त एक अट होती. इमारत राहण्यालायक आहे असा अभियंत्याचा दाखला हवा. अभियंता उद्या सकाळी येणार होता.

आणि छप्पर नव्हतं.

खिल्लारे दारापाशी गेले. सागवानी दाराच्या कोयंड्याला जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी बांधलेली होती. त्यांनी ती सोडली. आत पत्र्याचे आकडे, नट आणि डांबरी वायसर होते. नुसते होते असं नाही, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेले होते.

खिल्लारे त्या पुरचुंडीकडे बघत राहिले. चोरी करून जाताना सुट्टे परत ठेवून जाणारा चोर त्यांनी अजून पाहिला नव्हता.

२

"हे काम तांड्याचंच, साहेब," मागून आवाज आला.

टेंभुरदऱ्याचे सरपंच तातेराव पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले होते. गाव आणि तांडा यांची ग्रामपंचायत एकच, आणि सरपंचकी आजवर गावातच राहिलेली.

"कुलूप कुणाचं?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

"माझंच. म्हंजे पंचायतीचं. सोमवारी लावलं. रिकामी इमारत पंचायतीकडं येती, असं तुमच्याच कागदात हाय."

"चौथ्या ओळीत आहे, सरपंच. वरच्या तीन ओळी कोण वाचणार?"

"सोसायटीच्या खताला जागा न्हाई. पोती भिजून राहिलीत. दोन खोल्या बऱ्या व्हत्या." तातेराव क्षणभर उघड्या कैच्यांकडे बघून हळहळले. त्यांची हळहळ खरी होती, हे खिल्लाऱ्यांच्या लक्षात आलं. "कुलूप तर साबूत हाय, वरून पत्रे काढले. तुमी फिर्याद द्या. न्हाई तर मीच कळमनुरीला जाऊन ठाण्यात सांगतो. उद्या इंजिनिअरबरोबर पोलीसच आणतो. चोरट्या वस्तीला कशाला पायजे वसतिगृह?"

"वस्ती चोरटी आहे हे कुणी ठरवलं?"

"मग पत्रे काय उडून गेले?"

खिल्लाऱ्यांनी रागाने पुरचुंडी खिशात घातली. आपल्या खात्यात पत्रे उडतात, फळे उडतात, कधी कधी अख्ख्या शाळा कागदावरून उडतात. त्याला पोलीस कधी येत नाहीत. पण हे सरपंचाला सांगून उपयोग नव्हता.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," ते म्हणाले. "मी बघतो."

"बघा. सकाळी मी येतोच पोलीस घेऊन," तातेराव म्हणाले आणि जीपकडे वळले.

३

तांड्यात शिरताना खिल्लाऱ्यांना तीन माणसं बघायची होती. वसतिगृहासाठी सगळ्यांत जास्त भांडलेली पारुबाई, ऊसतोड टोळीचा मुकादम भीमसिंग आणि तांड्याचा नाईक भावसिंग.

पारुबाईचं घर पहिलं. ओळखीचं घर, त्यामुळे ते न बघता दारात शिरायला गेले आणि पत्र्याची वळचण कपाळावर अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दया करा कुणीतरी," ते कपाळ धरून म्हणाले. "घरं बांधता का सापळे लावता?"

"बसा सायब, बसा," पारुबाई घाईने म्हणाली. पदराच्या टोकाने तिने स्वतःचं कपाळ टिपल्यासारखं केलं. तिथेही टेंगूळ होतं.

घरात गाठोडी बांधून ठेवलेली होती. भांड्यांचं एक, अंथरुणांचं एक. अंथरुणांच्या गाठोड्यातून लहान वाकळीचं निळं टोक बाहेर आलेलं होतं. पारुबाईची नात पुजा, सातवीतली, त्याच गाठोड्याला टेकून पाठ्यपुस्तक वाचत होती.

"हीपण जाणार?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

"वसतिगृह झालं तर न्हाई. न झालं तर जाईल. तान्ह्याला कोन बघंल उसाच्या फडात? तिची माय तर म्हनती, बांधूनच ठिवा तिचंबी." पारुबाईने चहाची कपबशी पुढे केली, डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली होता. पाव्हण्याला डाव्या हाताने चहा द्यायची पारुबाईची रीत नव्हती, पण खिल्लाऱ्यांचं कपाळ ठणकत होतं आणि त्यांनी कप घेतला.

"मावशी, शाळेचे पत्रे कुणी नेले?"

"मला काय ठावं, सायब."

"रात्रंदिवस समोर राहता. दोन खोल्यांचे पत्रे निघाले आणि तांड्यात कुणाला आवाज नाही?"

"आमचे कान कामानं गेले," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भीमसिंग मुकादम बाहेरच भेटला. धिप्पाड माणूस, कारखान्याच्या ट्रकची वाट बघत खाटेवर पडलेला. तो काही लपवत नव्हता, हे त्याचं एक बरं होतं.

"व्हय, मला न्हाई पायजे तुमचं वसतिगृह," तो म्हणाला. "पोरी माघारी राहिल्या की तान्ही बायांच्या पाठीवर. बाई अर्धी मोळी बांधती. कारखाना मला इचारतो, टोळी काहून कमी पडून राहिली? पन पत्रे मी काढले न्हाईत. मला काढायचे असते तर एक घन घेतला असता आन् दोन भिंती पाडल्या असत्या. घडीभराचं काम. पत्रे काढत बसायला मला वेळ हाय का?"

खिल्लाऱ्यांना त्याचं म्हणणं पटलं, आणि पटल्यामुळे ते आणखीच चिडले. संशयाला सगळ्यांत लायक माणूसच असा सरळ बोलतो, तर तपास करायचा कसा?

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई पाण्याचा हंडा घेऊन निघाली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना हळद माखलेली चिंधी होती. तिच्यामागून दुसरी आली. तिच्याही.

खिल्लारे थांबले. ऊसतोड अजून सुरू व्हायची होती. मग तांड्याचे हात कशाने कापले?

४

उत्तर सोपं होतं, पत्र्याच्या कडेने. पण पत्रे गेले कुठं? आखाडा बाळापूरला भंगारचा एकच मोठा धंदा होता, पुनमचंदचा. खिल्लारे मोटारसायकल काढून तिकडे गेले.

पुनमचंद तराजूपाशी बसून टरबुजाच्या बिया सोलत होता. प्रश्न ऐकून त्याला वाईट वाटलं. चोरीचा माल विचारल्याचं नाही, त्याच्या अकलेबद्दल शंका घेतल्याचं.

"साहेब, तुमच्या कैच्या जागेवर हायत का?"

"आहेत."

"लोखंडी?"

"लोखंडी."

"सागवानी दारं?"

"तीही आहेत."

"मग चोर न्हाई तो," पुनमचंद म्हणाला. "जुना पत्रा म्हंजे नुसता खुळखुळा. वजन कैचीला हाय. माझ्याकडं येणारा गडी आधी दार आणील, मंग कैची. पत्र्याला तो हात लावून बोटं कापून घेत न्हाई. तुमाला ज्यानं लुटलं त्याला विकायचं न्हवतं."

खिल्लारे परत निघाले तेव्हा दुपार कलली होती. रस्ताभर त्यांची चिडचिड चालू होती. गोदाम हवं असलेल्या सरपंचाला छप्पर हवंच होतं. मुकादमाला भिंत पाडायची होती, नट पुसायचे नव्हते. भंगारवाल्याला पत्रा नको होता. ज्यांना ज्यांना लाभ होता त्यांनी केलेलं नव्हतं. मग राहिलं कोण? ज्यांचं नुकसान होणार तेच.

तांड्यात शेवटचं घर भावसिंग नाईकाचं. नाईक पारुबाईचा दीर, साठीचा, उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा. साहेबाला बघून तो घरातून लगबगीने बाहेर यायला निघाला, "या या, रामराम," म्हणाला, आणि स्वतःच्याच दारात स्वतःच्याच वळचणीला त्याने डोकं आपटलं. चांगला आवाज झाला.

खिल्लारे हसले नाहीत. ते नाईकाच्या कपाळाकडे बघत राहिले, मग वळचणीकडे, मग ओळीने सगळ्या तांड्याच्या वळचणींकडे.

"नाईक," ते हळू म्हणाले, "या घरात किती वर्षं राहता?"

"जन्म गेला, सायब."

"आणि दार कुठं संपतं हे अजून कळलं नाही?"

नाईक कपाळ चोळू लागला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायका एकेक करून आत जाऊ लागल्या.

५

"कुणी जाऊ नका," खिल्लारे म्हणाले. "सगळे शाळेपुढे चला. छप्पर नसलेल्या शाळेपुढे."

तांडा येऊन कुलूपबंद शाळेच्या अंगणात बसला. पारुबाई पुढे, नाईक भिंतीला टेकून, भीमसिंग बंद दारापाशी हाताची घडी घालून. खिल्लाऱ्यांनी खिशातली पुरचुंडी काढून उंबऱ्यावर ठेवली.

"माणूस परक्या घरात डोकं आपटतो," ते म्हणाले. "मी सकाळी आपटलं. पण मावशीच्या कपाळाला टेंगूळ आहे आणि नाईकांनी आता माझ्यासमोर आपटलं. आपल्या घराची वळचण माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. ती चुकते कधी? कालपरवाच ती पुढे आली असेल तर. तुमच्या घरांवर आता दोन दोन पत्रे आहेत. वरचा तुमचा, खालचा शाळेचा. शाळेचा लांब आहे, म्हणून बाहेर आला. सबंध तालुका धुंडाळला असता तरी कुणाला सापडला नसता, कारण पत्र्यांच्या वस्तीत पत्रा कोण शोधणार?"

बायकांनी हात पदराखाली घेतले.

"तुमचे हात कापलेत. आणि हे," त्यांनी पुरचुंडीकडे बोट केलं, "हे असं बांधून दाराला अडकवायची सवय कुणाची? कारखान्यावर कोपी, म्हणजे राहायची झोपडी, मोडताना नट हरवू नयेत म्हणून तुम्ही असंच ठेवता. परत बांधायचं असतं ना. म्हणजे हेही परत बांधायचं होतं. मग काढलं कशाला, मावशी? वसतिगृहासाठी तुम्हीच माझ्या डोक्यावर बसला होता."

पारुबाईने उजवा हात पदराबाहेर काढला. तळव्याला हळदीची जाड चिंधी होती.

"आमी कारखान्यावर जातो तवा जागा मालकाची असती," ती म्हणाली. "कूड तुराट्याचा, तो तिथंच ऱ्हातो. आपला काय तर पत्रा. कोनी दांडगाई केली, म्हनला हटा, तर भांडायचं न्हाई. पत्रा काढायचा आन् चालू लागायचं. पत्रा न्हाई म्हनल्यावर त्या जागंला कुत्रंबी इचारत न्हाई. सरपंचानं कुलूप घातलं. खत भरलं असतं तर आमचा काय बाप काढनार व्हता ते? म्हून पत्रा काढला. तुमचा कागद आला असता की परत घातला असता."

"अहो, पण कागद छपराशिवाय येत नाही."

"आन् छप्पर कागदाशिवाय ऱ्हात न्हाई," पारुबाई म्हणाली. "आता तुमीच सांगा, आधी काय करायचं?"

खिल्लाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर परिपत्रकात आठवेना. त्यांना एकाएकी भयंकर राग आला. सरपंचाचा, तांड्याचा, वसतिगृह मागायला आलेल्या माणसाला 'तांत्रिक तपासणीअंती कार्यवाही' असं सांगून घरी पाठवणाऱ्या आपल्या खात्याचा, आणि ग्रामसभेत तेच शब्द जसेच्या तसे वाचून दाखवणाऱ्या स्वतःचा.

"उद्या सकाळी इंजिनिअर येणार," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "त्याला छप्पर दिसलं तर वसतिगृह. नाही दिसलं तर शाळा पाडणार, दारं-कैच्या लिलावात, आणि पुजा फडावर. सोबत सरपंच पोलीस घेऊन येणार ते वेगळंच. हे मी आधी नीट सांगायला हवं होतं. आता सांगितलं."

 मग दारापाशी उभ्या भीमसिंगने घसा खाकरला.

"एक पत्रा काढताना खाली पडला," तो म्हणाला. "पार मुडपला. तो न्हाई लागायचा."

खिल्लाऱ्यांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याच बायकोच्या हातून पडला," मुकादम वैतागून म्हणाला. "घरात रोज तेच ऐकून राहिलो. टोळी गेली चुलीत, पन रोज कोन ऐकंल?"

६

सकाळी खिल्लारे आले तेव्हा तांडा शाळेवर चढलेला होता. खालून बायका पत्रे देत होत्या, वर भीमसिंग आणि गडी आकडे अडकवत होते. ऊसतोडीची माणसं ती. उतरल्या जागी सांजेच्या आत घर उभं करायची त्यांची रोजची सवय, त्यांना दोन खोल्यांचं काय. नाईक खाली उभा राहून उगाच हुकूम सोडत होता आणि कुणी त्याचं ऐकत नव्हतं.

शेवटची जागा रिकामी राहिली. मुडपलेला पत्रा लागेना. पारुबाई घराकडे गेली आणि दोघी सुनांच्या मदतीने एक पत्रा घेऊन आली. खालून पार काळा होता. तिच्या चुलीवरचा होता तो.

जीप आली तेव्हा शेवटचा नट आवळला जात होता. आधी अभियंता उतरला, मग तातेराव, मग कळमनुरीचा हवालदार. तातेराव तोंड उघडायला गेले, वर बघितलं आणि तोंड तसंच राहिलं.

"चोरी कुठंय?" हवालदाराने विचारलं.

"पत्रे गेले व्हते," तातेराव म्हणाले. "काल न्हवते. खरं सांगतो."

"मग हे काय हायत?"

तातेरावांनी खिल्लाऱ्यांकडे बघितलं. खिल्लारे परिपत्रक उघडून शांतपणे वाचत होते.

"हवालदारसाहेब, आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "ही इमारत जिल्हा परिषदेची. तिला परवानगीशिवाय कुणी कुलूप लावलंय. ते कुणाचं, तेवढं विचारता का?"

हवालदाराने कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.  तातेरावांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, खिशात घातलं आणि "खताचं बघायचंय," असं काहीसं पुटपुटत जीपमध्ये जाऊन बसले.

अभियंता आत गेला. भिंतींवर टकटक करून बघितलं, कैच्या बघितल्या, वर बघत बघत एका जागी थांबला.

"हा पत्रा एवढा काळा कसा? शाळेत चूल पेटवत होते का?"

खिल्लाऱ्यांनी तोंड उघडायच्या आतच पारुबाई पुढे आली.

"न्हाई सायब," ती म्हणाली. "अजून न्हाई. दिवाळीपासून पेटंल."

अभियंत्याने तिच्याकडे बघितलं. मग दारात उभ्या तांड्याकडे बघितलं, तिथे ज्याच्या त्याच्या हाताला हळदीची चिंधी होती. त्याने काय ओळखलं कुणास ठाऊक. त्याने मांडीवर कागद घेतला, 'इमारत राहण्यास योग्य' असं लिहिलं, सही केली आणि चहा मिळेल का, असं विचारलं.

चहा पारुबाईच्या घरी होता. खिल्लारे दारात शिरताना कालच्या आठवणीने वाकले. वळचण आता आपल्या जागी, आत गेली होती, आणि चुलीवरच्या रिकाम्या चौकटीतून आभाळ दिसत होतं. आत पुजा गाठोडं सोडून बसली होती. बाकीचं अंथरूण तसंच ठेवून तिने फक्त आपली निळी वाकळ ओढून बाहेर काढली आणि गाठ परत मारली.